दोराने झाडावर चढताना नवी पद्धत शिकावी कशी, शिकवावी कशी: नाशिकमधल्या नवख्यांसाठी

नवी गाठ, म्हणजे दोराला वेढे घेऊन वजन आलं की पकडणारी आणि हाताने दाबली की सरकणारी घर्षणगाठ, शिकायला दहा मिनिटं पुरतात. तीच गाठ आपल्या दोरावर, आपल्या वजनाला, पावसात भिजलेल्या चिंचेवर धरते का, हे कळायला मात्र बरेच दिवस जातात. मधल्या या दिवसांत काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं आणि शिकलेलं दुसऱ्याच्या हातात सुखरूप कसं द्यायचं, ते इथे सांगितलं आहे.

नाशिकमध्ये या कामाकडे माणसं दोन वाटांनी येतात. काही जण वर्षानुवर्षं फांद्या उतरवणारे, नारळ काढणारे असतात. काही अंजनेरी, ब्रह्मगिरीच्या बाजूला कड्यांवर दोर वापरायला शिकलेले असतात. पहिल्यांना झाड कळतं, दुसऱ्यांना गाठी कळतात. पण दोघांच्याही हाताला एकेक सवय लागलेली असते आणि ती आधी सोडावी लागते. पहिले बाजारातल्या प्लॅस्टिकच्या दोरावर जीव टाकतात. दुसरे कड्यावरचा ताणला जाणारा डायनॅमिक दोर झाडावर आणतात. तो दोर पडणाऱ्याचा झटका शोषण्यासाठी बनवलेला असतो. झाडावर तुम्ही सतत त्याच्यावर बसलेले असता, त्यामुळे तो रबरासारखा खालीवर होतो, फांदीवर घासतो आणि गाठीला नीट पकड घेऊ देत नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की धरा. पद्धत म्हणजे नुसती गाठ नव्हे. दोराची जाडी, गाठीच्या दोरीची (घर्षणगाठ बांधायच्या वेगळ्या छोट्या दोरीची) जाडी, वेढ्यांची संख्या, चढणाऱ्याचं वजन आणि साल ओली की कोरडी, या पाच गोष्टींची ती जुळणी असते. यातली एक बदलली की पद्धत नवी झाली असं समजायचं आणि तिची चाचणी पुन्हा जमिनीजवळून सुरू करायची.

१. झाड आणि जागा निवडा

शिकण्यासाठी बांधावरची तब्येतीची चिंच किंवा आंबा उत्तम. मखमलाबाद, गंगापूर, आडगावकडच्या मळ्यांत अशी झाडं सापडतात. चिंचेचं लाकूड चिवट असतं आणि फांद्यांची बेचकी मजबूत असते. फक्त जुनी चिंच आतून पोकळ असू शकते. लाकडी हातोडीने बुंधा ठोकून ऐका. भरीव लाकडाचा आवाज आखूड आणि बद्द येतो, पोकळ जागी तो घुमतो.

गुलमोहरावर शिकू नका. त्याचं लाकूड ठिसूळ असतं आणि बाहेरून हिरवीगार दिसणारी फांदी आतून कुजलेली निघते. रेन ट्रीच्या आडव्या पसरलेल्या जड फांद्या वळवाच्या वाऱ्यात अचानक तुटतात. नीलगिरीला खाली दोर टाकण्याजोगी बेचकी क्वचित मिळते. वड, पिंपळ, उंबर चढायला चांगले, पण त्यांचा चीक दोराला लागला की दोर त्या जागी कडक होतो आणि गाठ वेगळीच वागते. नव्या गाठीच्या चाचणीला ही झाडं नकोत.

झाडाखाली उभं राहून आधी दहा मिनिटं फक्त वर पाहा, शक्यतो दुर्बिणीने. शोधायच्या गोष्टी अशा:

- आग्या मोहोळ. उंच फांदीच्या खालच्या बाजूला काळसर, लोंबणारी एकच पोळी. दिसली तर त्या दिवशी ते झाड सोडा. शेजारच्या झाडावर असली तरी सोडा. या माशा पाठलाग करतात आणि दोरावर लटकलेला माणूस पळू शकत नाही.
- वीजवाहिनी. दोर, फांदी, माणूस किंवा करवत यांतलं काहीही तारेपासून ३ मीटरच्या आत जाण्याची शक्यता असेल तर महावितरणकडून प्रवाह बंद करून घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. ओला दोर वीज वाहून नेतो.
- वर अडकलेली सुकी फांदी. थ्रो लाइन, म्हणजे दोर वर नेण्यासाठी आधी फेकायची बारीक दोरी, ओढताना हीच डोक्यावर येते.
- बुंध्याशी उगवलेल्या अळंब्या, सालीतली उभी भेग, दोन सरळ खोडांच्या मध्ये दबलेली साल. इथे झाड फाटतं.

सराव खासगी जागेत करा आणि मालकाची परवानगी लेखी घ्या. सरावासाठी फक्त चढणार असाल, तरी महापालिकेच्या उद्यानातल्या किंवा रस्त्यावरच्या झाडाला परस्पर दोर लावू नका. फांद्या छाटायच्या असतील तर महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा संरक्षण कायदा आहे. शहर हद्दीत महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करून वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी हे लागू आहे.

२. सामान आणि कागद

हे सामान एकदाच नीट घ्या.

- चढण्याचा दोर: कमी ताणला जाणारा, गाभा आणि वेष्टन असलेला, ११ ते १३ मिलिमीटर जाडीचा. दोराबरोबर ईएन १८९१ ए प्रकाराची (ईएन म्हणजे युरोपीय मानक) पट्टी किंवा झाडकामाच्या दोराचं उत्पादकाचं पत्रक हवं. नवख्याच्या हाताला १२ च्या आसपासचा दोर बरा पडतो. पातळ दोरावर गाठ घट्ट आवळते आणि हातही लवकर दुखतात.
- लांबी: दोराचे दोन पदर वापरायचे असतील (दोर फांदीवरून घेऊन दोन्ही पदर तुमच्याकडे, चढताना दोर फांदीवरून फिरतो) तर चढायच्या उंचीच्या दुप्पट आणि वर ५ मीटर. एकपदरी पद्धतीत (दोर एका जागी पक्का, तुम्ही त्याच्या एकाच पदरावर चढता) बुंध्याशी बांधून, गरज पडल्यास खालून सोडता येईल असा दोर लावायचा असेल तर उंचीच्या तिप्पट. १५ मीटर उंचीला ४५ मीटर हे किमान आहे.
- गाठीची दोरी: ८ ते १० मिलिमीटर, उष्णता सहन करणाऱ्या अरामिड वेष्टनाची, दोन्ही टोकांना शिवलेले डोळे (फास) असलेली, ७० ते ८५ सेंटिमीटर लांब. दोन वेगवेगळ्या लांबीच्या घ्या.
- झाडकामाचा हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे), कमरेपुढे ब्रिज, म्हणजे दोर जोडायचा आडवा दोरीचा तुकडा, असलेला. ईएन ३५८ आणि ईएन ८१३ या दोन्ही खुणा पाहा.
- कॅरॅबिनर (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कड्या): किमान चार, तीन हालचालींशिवाय न उघडणारे आपोआप बंद होणारे, अंगावर ताकद २२ किलोन्यूटन किंवा जास्त लिहिलेली.
- बुंध्याभोवती घ्यायची लॅनयार्ड, ३ ते ५ मीटर, लांबी कमीजास्त करता येणारी.
- थ्रो लाइन: साधारण २ मिलिमीटर जाड, ५० मीटर. तिच्या टोकाला बांधायच्या वजनाच्या दोन पिशव्या, म्हणजे थ्रो बॅग, २८० ते ४०० ग्रॅमच्या.
- हनुवटीचा पट्टा असलेलं हेल्मेट, डोळ्यांचा चष्मा, पातळ हातमोजे, शिट्टी, प्रथमोपचार पेटी.

बाजारातली एक गल्लत इथेच सांगायला हवी. भद्रकाली किंवा रविवार कारंज्याच्या दुकानांत ‘सेफ्टी बेल्ट’ म्हणून जो हार्नेस मिळतो, तो इमारतीवरून पडणाऱ्याला पाठीमागून धरून ठेवण्यासाठी असतो. त्यात बसून काम करता येत नाही. त्याच्या पाठीच्या कडीला दोर लावून झाडावर चढलात तर वर लटकल्यावर तुमचे हात गाठीपर्यंत पोचणारही नाहीत. तसंच रंगीत पॉलिप्रॉपिलीनचा दोर फांद्या बांधायला ठीक आहे, माणसासाठी नाही. तो साधारण १६५ अंशांना वितळतो आणि घासणाऱ्या गाठीखाली तेवढं तापमान सहज होतं. नायलॉन प्रकारानुसार साधारण २१५ ते २६० अंशांना आणि पॉलिएस्टर २५० अंशांच्या पुढे वितळतं. अरामिड वितळतच नाही, म्हणून गाठीची दोरी त्याची.

काटेरी बूट, म्हणजे बुंध्यात रुतणारे लोखंडी काटे, जिवंत झाडावर वापरू नका. प्रत्येक पाऊल सालीत एक भोक पाडतं आणि त्यातून बुरशी आत शिरते. पाडायचंच ठरलेलं झाड असेल तरच ते चालतात.

फाइलमध्ये चार कागद असू द्या: मालकाचं किंवा महापालिकेचं परवानगीपत्र, अपघात विम्याची प्रत, प्रत्येकाचा रक्तगट आणि घरचा फोन नंबर, आणि सामानाची वही. वहीत प्रत्येक दोराचा खरेदीचा महिना, उत्पादक, जाडी आणि केलेल्या तपासण्या लिहा. ही वही पुढे फार उपयोगी पडते.

३. गाठी जमिनीवर, बसून, रोज

सुरुवातीला पाचच गाठी हव्यात: फिगर ऑफ एट, रनिंग बोलाइन, अल्पाइन बटरफ्लाय, प्रुसिक आणि ब्लेक. बाकीच्या नंतर. प्रत्येक गाठ तीन टप्प्यांत पूर्ण होते. ती बांधायची, तिचे पदर एकमेकांवर न चढता सरळ करायचे आणि मग चारही बाजूंनी ओढून बसवायची. तिसरा टप्पा जो वगळतो, त्याची गाठ पहिल्या वजनाला सरकते.

ब्लेकची गाठ नीट समजून घ्या, कारण दोन पदरांच्या पद्धतीचा पाया तीच आहे. दोराचं टोक हार्नेसला बांधून पुढे सव्वा मीटर शेपूट मोकळी सोडा. त्या शेपटीने समोरच्या उभ्या पदराला खालून वर चार वेढे घ्या. पहिले दोन वेढे अंगठ्यासकट, पुढचे दोन फक्त दोराला, अंगठ्याच्या वर. आता शेपूट खाली आणा, हार्नेसकडून गाठीकडे येणाऱ्या पदराच्या पुढून न्या, उभ्या पदराच्या मागे घाला आणि अंगठ्याची जागा रिकामी करून त्याच पोकळीतून, म्हणजे खालच्या दोन वेढ्यांच्या आतून, बाहेर ओढा. शेवटी शेपटीला फिगर ऑफ एटची अडसर गाठ मारा आणि तिच्यापुढेही किमान १५ सेंटिमीटर दोर उरू द्या.

चूक होते ती एकाच ठिकाणी. शेपूट हार्नेसकडच्या पदराच्या पुढून न नेता सरळ आत घातली तर तयार होणारी गाठ ब्लेकसारखीच दिसते, वजन घेते आणि काही वेळाने सुटते. म्हणून गाठ डोळ्यांनी पाहून थांबू नका. बोट फिरवून खात्री करा की तिरपा पदर हार्नेसकडच्या पदरावर बसला आहे.

सरावाची कसोटी साधी आहे. डोळे मिटून, हातमोजे घालून, डाव्या हाताने पुढाकार घेऊन, दहापैकी दहा वेळा गाठ बरोबर यायला हवी. नऊ वेळा आली तर अजून जमिनीवरच.

४. दोर वर टाकणं

थ्रो लाइन मातीवर किंवा गाजर गवतावर मोकळी सोडली की गुंता ठरलेला. जुनी चादर अंथरून तिच्यावर लाइन सैल ओळींनी घाला किंवा घडीची टोपली वापरा. बॅग दोन्ही हातांनी, पायांच्या मधून झोका देऊन वर सोडा. समोर आणि मागे कुणी उभं नको. लाइन कधीही बोटाला किंवा मनगटाला गुंडाळू नका.

बॅग अडकली तर सगळी ताकद लावून ओढण्याचा मोह होतो. तसं केलं की ती गोफणीतल्या दगडासारखी तोंडावर येते. लाइन ढिली करा, बाजूला सरका, छोट्या झटक्यांनी हलवा. तेवढ्यानेही निघाली नाही तर दुसरी बॅग टाका. दुसरी बॅग त्यासाठीच आहे.

दोर हव्या त्या एकाच बेचक्यातून गेला पाहिजे. दोन-तीन बारीक फांद्यांवरून गेलेला दोर खालून घट्ट वाटतो आणि वर चढता चढता एक फांदी तुटून अचानक मीटरभर खाली येतो. दुर्बिणीने खात्री करा.

५. अँकरची चाचणी

ज्या बेचक्यावर दोर आहे, ती फांदी म्हणजे अँकर. ती चिंच-आंब्यासारख्या चिवट झाडावर किमान १० सेंटिमीटर जाड हवी आणि बुंध्याच्या जितकी जवळ तितकी बरी. एकपदरी पद्धतीत बुंध्याशी बांधलेला दोर लावणार असाल तर ही जाडी १५ च्या पुढे न्या. कारण असं: दोन पदरांच्या पद्धतीत फांदीवर तुमच्या वजनाएवढाच भार येतो. बुंध्याशी बांधलेल्या एका पदरात एका बाजूला तुम्ही आणि दुसऱ्या बाजूला तेवढ्याच ताणाने बुंधा खेचत असतो. म्हणजे ८० किलोचा माणूस फांदीवर जवळपास १६० किलोचा भार टाकतो. सालीच्या घर्षणाने तो थोडा कमी होतो, पण त्या भरवशावर हिशेब करू नका.

चाचणी दोन माणसांनी करायची. दोघांनी एकत्र दोराला लटकायचं, हळूहळू वजन टाकायचं, मग हलके झोके द्यायचे. वरून चरचर, पानांची अवाजवी हालचाल, सालीचा भुगा यांपैकी काहीही दिसलं तर जागा बदला. एकच माणूस लटकून पाहणं पुरेसं नाही.

आंब्याची साल दोराने लवकर सोलवटते. दोन पदरांच्या पद्धतीत दोर सतत फांदीवरून फिरत असतो, म्हणून मध्ये कड्यांचा पट्टा घाला, म्हणजे फांदीवरून टाकायचा, दोन्ही टोकांना कड्या असलेला पट्टा. दोर त्या कड्यांतून जातो. पट्ट्याने साल वाचते, दोर वाचतो आणि घर्षण प्रत्येक वेळी सारखं राहतं. शिकताना घर्षण सारखं असणं फार महत्त्वाचं आहे, नाहीतर गाठ कशामुळे वेगळी वागली ते कळतच नाही.

६. हातभर उंचीवर: नव्या पद्धतीची खरी शाळा

हा टप्पा बहुतेक जण उरकून टाकतात. याला सगळ्यात जास्त वेळ द्या.

दोर लावा, हार्नेस घाला, गाठ छातीपुढे येईल अशी बांधा आणि पाय जमिनीपासून फूटभर वर उचलले जातील एवढंच बसा. गाठीच्या खाली, अर्ध्या मीटरवर, दोराला फिगर ऑफ एटची एक गाठ मारून ठेवा. मुख्य गाठ सरकलीच तर ती इथे अडेल. मग या क्रमाने जा:

अ) हात सोडून बसा. एक मिनिट. गाठ हळूहळू खाली सरकते का? सरकत असेल तर एक वेढा वाढवा किंवा पातळ दोरी घ्या.

आ) उभे राहा, वजन काढा, पुन्हा बसा. हे किमान दहा वेळा. नवी गाठ बहुधा इथेच दगा देते. सतत वजन असताना ती धरते, पण ढिली पडून पुन्हा वजन आलं की पकडायच्या आधी वीतभर घसरते. वर तुम्ही फांदीवर उभे राहाल, दोर ढिला पडेल आणि मग पाय घसरेल. ही चाचणी त्या क्षणासाठी आहे. दहातून एकदाही उशिरा पकडली तर ती जुळणी बाद.

इ) एका हाताने उतरा. गाठीवर हलका दाब दिल्यावर ती सावकाश सुटली पाहिजे. दोन्ही हातांनी ओढावी लागत असेल तर वेढे जास्त झाले. ५५ किलोच्या माणसाला जेवढे वेढे बरोबर, तेवढेच ९० किलोच्या माणसाला आवळून बसतात आणि उलटही घडतं. म्हणून मित्राची जुळणी जशीच्या तशी घेऊ नका.

ई) दोर बादलीत भिजवून सगळं पुन्हा करा. नाशिकला जून ते सप्टेंबर साल आणि दोर दोन्ही ओले असतात. काही दोरी भिजली की जास्त धरते, काही निसटते. नायलॉनची ताकदही ओलेपणी साधारण दहा टक्क्यांनी कमी होते.

उ) हात आणि हातमोजे बदलून पुन्हा.

यात एक प्रतिक्षिप्त क्रिया मुद्दाम मोडावी लागते. घसरू लागलो की माणूस हाताला लागेल ते घट्ट धरतो. हाताला लागते ती गाठ. गाठीचा वरचा भाग मुठीत धरला की ती उघडीच राहते आणि माणूस थेट खाली जातो. घसरलं की हात सोडायचा. हे सांगून येत नाही, म्हणून फूटभर उंचीवर साथीदाराने न सांगता हलका धक्का द्यावा आणि हात सोडायची सवय लागेपर्यंत हे करत राहावं.

पाचही चाचण्या जमल्या की २ मीटर. तिथेही जमल्या की ५ मीटर, बुंध्याभोवती लॅनयार्ड ठेवून. त्याच्या वर दुसऱ्या दिवशी. आणि एका वेळी एकच बदल: आज नवी गाठ असेल तर दोर जुनाच, झाडही ओळखीचंच.

ब्लेक पक्की झाल्यावर पुढच्या गाठींकडे वळा. डिस्टेलला वर चार वेढे आणि खाली एक. तिचं वागणं अंदाजात बसणारं असतं, म्हणून दुसरी गाठ हीच घ्या. श्वाबिश तिच्या जवळची आहे. व्हीटी, म्हणजे वर वेढे आणि खाली वेणी असलेली गाठ, हाताला फार मऊ लागते आणि म्हणूनच सगळ्यांना आधी हवी असते. पण वेढे आणि वेणीचं प्रमाण थोडं चुकलं तरी ती ढिलेपणात पकडत नाही. तिला (आ) ची चाचणी दहाऐवजी पन्नास वेळा द्या.

वेगाने उतरू नका. पाच-सहा मीटर झपकन उतरलं की गाठीची दोरी तापते, साध्या नायलॉनची असेल तर तिचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. अशी चकाकी आलेली दोरी पुढच्या वेळी धरत नाही. चकाकी दिसली की दोरी बदला.

७. एकपदरी पद्धतीकडे जाताना

ही पद्धत पायाच्या असेंडरमुळे (दोरावर वर सरकणाऱ्या पण खाली न सरकणाऱ्या पकडीमुळे) चढायला सोपी जाते आणि म्हणून नवखे थेट इथेच येतात. पण दोन पदरांत गाठीवर तुमचं साधारण अर्धंच वजन असतं, इथे पूर्ण असतं. नुसती घर्षणगाठ पूर्ण वजनाला आवळून बसते. वर जाता येतं, खाली येता येत नाही. उतरण्यासाठी गाठीच्या वर जास्तीचं घर्षण देणारं रोप रेंच किंवा एकपदरी वापरासाठीच बनवलेलं यांत्रिक साधन लागतं. दोन पदरांसाठी बनवलेलं साधन जोडणीशिवाय एका पदरावर लावू नका. साधनाच्या पत्रकात दोराची जाडी दिलेली असते. त्या मर्यादेबाहेरचा दोर ते धरेलच असं नाही.

बुंध्याशी बांधलेल्या दोराचा धोका खालून येतो. खाली कुणी फांद्या कापत असेल आणि करवत त्या दोराला लागली, तर वरचा माणूस पडतो. त्या पदराला डोळ्यांत भरणारं लाल फडकं बांधा आणि बुंध्याच्या आसपास करवत चालू देऊ नका. करवत घेऊन वर असाल तेव्हा दोर आणि लॅनयार्ड अशी दोन स्वतंत्र बंधनं कायम हवीत, पद्धत कोणतीही असो.

८. सुटका आधी, चढाई नंतर

हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साठतं आणि काही मिनिटांतही जिवावर बेतू शकतं. गाडी येईपर्यंत थांबू, असा विचार उपयोगाचा नाही. १०८ ला फोन करायचाच, पण माणसाला खाली आपणच आणायचं.

त्यासाठी झाडाखाली चढू शकणारा दुसरा माणूस, त्याचा हार्नेस घातलेला आणि दुसरा दोर आधीच वर लावलेला. नवीन पद्धत शिकताना त्या पद्धतीतून माणूस खाली कसा आणायचा हेही त्याच दिवशी, त्याच फूटभर उंचीवर शिकायचं. बुंध्याशी दोर बांधताना तो फिगर ऑफ एट डिसेंडरमधून (आठच्या आकाराच्या, दोर सावकाश सोडणाऱ्या धातूच्या साधनातून) घेतला आणि पक्का अडवला, तर खालचा माणूस गाठ न सोडता वरच्याला सावकाश उतरवू शकतो. तिप्पट लांबीचा दोर याच कारणासाठी. ज्या पद्धतीची सुटका तुमच्या साथीदाराला येत नाही, ती पद्धत उंचीवर वापरू नका.

हाका आधी ठरवा: ‘ढिला’, ‘ताण’, ‘थांब’, ‘बाजूला’. चारच. गंगापूर रोडसारख्या वाहत्या रस्त्याकडेला आवाज पोचत नाही, म्हणून शिट्टीचे संकेतही ठरवा.

९. शिकलेलं दुसऱ्याला देताना

इथे जिव्हाळ्याइतकीच शिस्त लागते, कारण तुमची चूक आता दुसऱ्याच्या अंगावर जाणार असते.

गाठ समोर उभं राहून दाखवू नका. शिकणाऱ्याला ती आरशातल्यासारखी उलटी दिसते आणि तो तशीच उलटी बांधतो. त्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून उभे राहा. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेल्या व्हिडिओतही डावं-उजवं बदललेलं असू शकतं. पाठवण्याआधी तपासा. व्हिडिओत गाठ बसवण्याचा भाग कापू नका. पाहणाऱ्याला तोच कंटाळवाणा वाटतो आणि त्याचीच त्याला सर्वाधिक गरज असते.

प्रत्येक पद्धतीबरोबर एक चिठ्ठी द्या. तिच्यात असावं: दोराचं नाव आणि जाडी, गाठीच्या दोरीचं नाव, जाडी आणि लांबी, वेढे वर किती आणि खाली किती, तुमचं सामानासकट वजन, पट्टा होता की दोर थेट सालीवर, कोरडं की ओलं, आणि काय जमलं नाही. शेवटचा रकाना कधी रिकामा सोडू नका. ‘ओल्या दोरावर सरकली, पाचवा वेढा घेतल्यावर धरली’ ही एक ओळ दहा फोटोंपेक्षा कामाची आहे.

शिकणाऱ्याने बांधलेली गाठ तुम्ही बोटांनी तपासा, मग त्यालाच ती कशी धरते हे बोलून सांगायला लावा. नुसती बांधता येणं पुरत नाही, चुकलेली ओळखता आली पाहिजे. म्हणून तुम्ही पाच गाठी बांधून ठेवा, त्यांत दोन मुद्दाम चुकीच्या, आणि त्याला शोधायला सांगा. चुकीच्या गाठींवर अर्थातच कुणी बसायचं नाही, आणि तो सराव संपला की त्या लगेच सोडवायच्या.

फांद्या उतरवण्यात आयुष्य घालवलेल्या दादा-मामांना शिकवायची वेळ आली तर सुरुवात त्यांना विचारून करा: ‘मामा, या झाडावर तुम्ही दोर कुठे टाकला असता?’ कोणती फांदी उन्हाळ्यात तुटते, कोणती डहाळी किड्यांनी पोखरली आहे, वारा कुठून येतो, हे त्यांना वर न पाहता कळतं. त्यांचं ते ज्ञान आणि तुमचा दोर एकत्र आले तर दोघांचं काम सुधारतं. त्यांचा जुना दोर सगळ्यांसमोर नाकारू नका. त्याच्या शेजारी नवा दोर ठेवून, जुन्या दोरावर वाळूचं पोतं बांधून गाठ जोरात घासून दाखवा. वितळलेला धागा त्यांना स्वतःलाच दिसेल.

१०. दोराची निगा

प्रत्येक चढाईआधी सगळा दोर हातातून सरकवा, हातमोजे न घालता. मऊ पडलेली जागा, आतून पोकळ वाटणारा भाग, फुगवटा, कडक पट्टा, कापलेलं वेष्टन शोधा. दोराचा वाकडा फास करून पाहा. गाभा शाबूत असेल तर वाक गोल येतो, तुटलेला असेल तर तिथे टोकदार मोडतो.

नाशिककरांनी एका गोष्टीची विशेष काळजी घ्यावी. द्राक्षबागेच्या शेडमध्ये, फवारणीची औषधं, पंप, खतं यांच्या शेजारी दोर ठेवू नका. बॅटरी-इन्व्हर्टरजवळही नको. आम्ल नायलॉनला आतून खातं आणि बाहेरून काहीही दिसत नाही. असा संपर्क झाल्याची शंका जरी आली तरी दोर बाद.

चीक, माती लागली तर ३० अंशांपर्यंतच्या पाण्यात सौम्य साबणाने धुवा आणि सावलीत पसरून वाळवा. गच्चीच्या उन्हात टांगलेला दोर झपाट्याने कमजोर होतो. एकदाही न वापरलेला दोरसुद्धा उत्पादकाने दिलेली मुदत संपली की बाद, ती बहुधा १० वर्षांची असते. रोजच्या वापरात दोर त्याच्या कितीतरी आधी जातो.

बाद झालेला दोर कुणाला फांद्या बांधायला देऊ नका. तो फिरत फिरत कुणाच्या तरी कमरेला लागतो. त्याचे मीटरभराचे तुकडे करा, टोकं वितळवून बंद करा आणि त्यावर गाठींचा सराव करा. वहीत त्या दोरापुढे तारीख आणि बाद करण्याचं कारण लिहा.